काळ्यावर पिवळी रुई

आमच्या बेटावरच्या जुन्या राजवाड्यासमोरच्या बसथांब्यावर काल दुपारी मला माझा शर्ट दिसला. माझ्या अंगावरचा नाही. मी नक्षी काढलेला. काळ्यावर पिवळी रुई, कालिही वस्तीतल्या आमच्या कारखान्यात छापलेली. आत एक परका माणूस होता, उन्हानं लालबुंद झालेला, हातात बर्फाचा गोळा. गोळ्याचं निळं पाणी त्याच्या मनगटावरून ओघळून खिशावरच्या नक्षीवर ठिपकत होतं. आईला जाऊन नऊ दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पुरायचं होतं. माझ्या मांडीवर बेचाळीस शर्टांचा खोका होता, तेही हेच शर्ट, घरच्या सगळ्यांनी अंत्यविधीला एकसारखे घालायचे म्हणून. आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. लाज वाटावी इतका. पोटातून वर आला आणि थांबेचना.

"छान आहे शर्ट," मी म्हणालो.

"हो ना? बायकोनं घेतला." त्यानं हनुवटी खाली घालून स्वतःच्या पोटाकडे बघितलं. "अननस आहेत बहुतेक."

"रुई आहे."

"काय आहे?"

"फूल. राणीचं आवडतं."

"कुठली राणी?"

मी समोरच्या राजवाड्याकडे बोट केलं. त्यानं बघितलं, एक फोटो काढला, थँक्यू म्हणाला, आणि त्याची बस आली. बसच्या पायरीवर चढताना त्याची पाठ दिसली. पाठीवरची नक्षी शिवणीवर बरोबर जुळलेली होती, एक पाकळी इकडची तिकडे नाही. ते कापड मी कापलं असणार. कारखान्यात माझं कामच ते. त्यातही खिसा माझा. खिसा असा कापायचा की शिवल्यावर दिसताच कामा नये, छातीवरची नक्षी त्याच्यावरून तशीच पुढे गेली पाहिजे. ग्लेन मोरिओका, आमचा मालक, म्हणतो की शर्ट चांगला की वाईट हे बाकी कशावरून नाही, खिसा शोधायला किती वेळ लागतो त्याच्यावरून कळतं. माझ्या नक्षीचा मधला भाग मी मुद्दाम खिशावर आणला होता. आठ फुलं गोल धरलेली, देठ आत वळलेले, आणि मधोमध काही नाही. नुसतं काळं. हाताच्या पंज्याएवढी मोकळी जागा, बरोबर हृदयावर.

ती नक्षी कशी झाली ते मी आजवर सगळ्यांना अभिमानानं सांगत आलो. मी कुठे शिकलेलो नाही. शाळा अर्धी सोडली, छपरं घातली, मग दोन वर्षं लास वेगासला हॉटेलात चादरी बदलत होतो. तिकडे आमच्या बेटांवरची इतकी माणसं गेलीत की वाण्याकडे आमची अळकुड्यांची पोई मिळते, फक्त समुद्र मिळत नाही. आईच्या किडन्या गेल्या म्हणून परत आलो. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला न्यायचं, उरलेल्या वेळात ग्लेनकडे कापड कापायचं. चित्रं काढायचं फोनवर बघून बघून शिकलो, आणि जे काढलं ते सगळं दुसऱ्या कुणाचं तरी वाटायचं, माडाची झाडं, लाटा, तेच ते. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत स्पॅम-भात, म्हणजे डब्यातलं मांस आणि भात, खाऊन झाला आणि मी सहज खाकी कागदाची तीन वेळा घडी घातली. पेन्सिल नाही, काही नाही, सरळ कात्री लावली. हात थांबलाच नाही. कागद उलगडला तर आठ फुलं. मी हसलो. खरंच एकटाच मोठ्यानं हसलो. ग्लेन चावत चावत आला, कागद उजेडाला धरून म्हणाला, "कुठून चोरलंस?"

"डोक्यातून."

"तुझ्या? मग एवढी रिकामी जागा होती आत, कधी बोलला नाहीस."

तो असाच बोलतो. पण पुढच्याच आठवड्यात त्यानं छपाईच्या जाळ्या, स्क्रीन, करून घेतल्या आणि गळ्यामागच्या लेबलवर माझं नाव विणून घेतलं. 'नक्षी: लोपाका.' त्यानं मला न विचारता केलं ते. मी संडासात जाऊन दहा मिनिटं बसलो होतो.

पहिला शर्ट मी आईला नेऊन दिला. आठ महिने झाले त्याला. ती व्हरांड्यात बसली होती, सुई टोचून टोचून फुगलेला हात उशीवर ठेवून. तिनं शर्ट मांडीवर पसरला आणि त्याच्यावर वाकली. मला वाटलं, रडतेय. आनंदानं. तिनं लेबलवरून अंगठा फिरवला, माझ्या नावावरून, दोनदा. मग तो अंगठा खिशावर आणला, मधल्या काळ्यावर, आणि तिथेच ठेवला.

"हे कुठून आणलंस, बाळा?"

"डोक्यातून, मामा." आमच्यात आईला मामाच म्हणतात.

"कुणी दाखवलं नाही?"

"कोण दाखवणार? अगं, एका झटक्यात कापलं. ग्लेनला विचार."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी इतका खूश होतो. मला आता तिचा तो चेहरा आठवतो, आणि त्याच्यासमोरचा माझा चेहरा, जो मी बघितलेला नाही, पण तिनं बघितला. मग ती म्हणाली, "मधलं बुजव."

"का?"

"वारा येतो तिथून."

मी हसलो. ती नाही हसली. मी म्हणालो, आता नाही जमणार, स्क्रीन झाल्या, पहिला माल छापूनही झाला, आणि खरी मजा त्या मोकळ्या जागेतच आहे, सगळे तेच म्हणतात. ती "बरं" म्हणाली. आई बरं म्हणायची तेव्हा विषय संपायचा. पुन्हा तिनं तो काढला नाही. दोनतीन आठवड्यांनी फक्त एवढंच म्हणाली, त्या पिवळ्या कापडाचा तुकडा असेल तर आण, बिनछापाचा. रंगाचा नमुना बघायला आम्ही आधी कोरं कापड बुडवून घेतो, त्यातला आणून दिला. तो घाणा जरा हिरवट गेला होता, ग्लेन रंगवाल्याला शिव्या देत होता. मला वाटलं, टाचण्यांची उशी करणार असेल. त्यानंतर काही दिवस मी कामावरून आलो की ती माझ्याकडे पाठ करून बसलेली असायची आणि मांडीवरच्या काळ्या कशावर तरी घाईनं टॉवेल टाकायची. मी विचारलं नाही. आजारी माणसाला काही लपवावंसं वाटलं तर लपवू दे, असं मला वाटायचं. हे असं समजूतदार वागल्याचं मला बरंही वाटायचं.

काल बसमधून घराकडे पापाकोलेआचा चढ चढताना यातलं काही माझ्या मनात नव्हतं. मी त्या माणसाचाच विचार करत होतो. ते अननस. हे आईला सांगितलं असतं तर ती पोट धरून हसली असती, असं वाटलं, आणि मग नेहमीसारखं ते आठवलं, की ती नाही. नऊ दिवस हे असंच चाललं होतं. आधी तिला सांगायची गोष्ट सुचायची, मग ती नाही हे सुचायचं.

घर भरलेलं होतं. आईच्या मंडळातल्या बायका हॉलमध्ये काळे होलोकू इस्त्री करत होत्या, मानेपासून टाचेपर्यंतचे ते लांब झगे, मागे जमिनीवर लोळणारे. राजघराण्यातल्या कुणाचा वाढदिवस असो की पुण्यतिथी, या बायका तशा काळ्यात उभ्या राहतात, गळ्यात पिवळ्या पिसांचे हार, तास तास, उन्हात, न हलता. आई वीस वर्षं उभी राहिली. शेवटी शेवटी खुर्चीत बसून. बाहेर अंकल टायनी, आईचा धाकटा भाऊ, तीन माणसांएवढा, वाइआनाएहून भाताचं पातेलं घेऊन आला होता आणि त्यातलंच खात बसला होता. आतल्या खोलीत आंटी मिलिआना, थोरली बहीण, पलीकडच्या बेटावरून, हिलोहून आलेली. सगळ्यांनी लोपाकाच्याच नक्षीचे शर्ट घालायचे हे फर्मान तिचं. फोनवरूनच काढलेलं. नक्षी तिनं बघितली नव्हती. भाच्याची आहे एवढं तिला पुरेसं होतं.

"आलास? खोका ठेव खाली. ये, एक टोक धर. हवा द्यायचीय." तिनं कापराच्या लाकडाची पेटी उघडली होती. ती पेटी मी जन्मापासून बघतोय, तिच्यावर टीव्ही असायचा. आत काय आहे ते विचारायचं नाही एवढं माहीत होतं. आंटीनं पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड बाहेर काढलं, एक टोक माझ्या हातात दिलं, आणि आम्ही दोघं मागे मागे सरकलो. उलगडलं.

पहिल्यांदा मला वाटलं, आंटीनं गुपचूप ग्लेनकडून माझी नक्षी मोठी करून घेतली. मला चकित करायला. खरंच असंच वाटलं, आणि मी हसणारसुद्धा होतो. मग कापराचा वास आला. मग दिसलं की काळं काळं राहिलेलं नाही, विटून तपकिरी झालंय, पिवळं कुठे कुठे विरून गेलंय, आणि फुलांच्या भोवती हातशिलाईचे टाके आहेत, एकाबाहेर एक, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तसे, कडेपर्यंत. दुलई होती. आठ फुलं. देठ आत वळलेले.

"ही कधीची?" मी विचारलं.

"राणीच्या कैदेच्या वेळची. तुझ्या पणजीच्या आईनं केलेली." आंटी कोपरे झटकत बोलत होती, रोजचं काहीतरी सांगावं तसं. "गोऱ्यांनी राज्य बळकावून राणीला तिच्याच वाड्यात वरच्या खोलीत कोंडलं ना, तेव्हा तिला वर्तमानपत्र द्यायची बंदी होती. पण फुलं चालायची. मग या बायका फुलं वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवायच्या. रुई पणजीची आई खुडायची. राणी सुटली, पण राज्य नाही सुटलं. त्या वर्षी हिनं ही शिवायला घेतली. काळ्यावर. राज्याचं सुतक म्हणून. तेव्हापासून आपल्या घरचं माणूस गेलं की त्याच्यावर ही घालायची, शवपेटीचं झाकण लावेपर्यंत. दुसऱ्या कशाला ती बाहेर निघत नाही. जिवंत माणसानं पांघरायची नाही, तिची नक्षी कुणी उतरवून घ्यायची नाही."

"मी कधी बघितलीच नाही ही."

"नाही कसा? बापाच्या वेळी बघितलीस की. सहा वर्षांचा होतास. मधल्या भोकात सारखं बोट घालत होतास. मीच चापट मारली तुला."

आणि बोटाला आठवलं. मला नाही, बोटाला. लाकडी बाकाची कड माझ्या छातीला लागलेली, हारांचा गोड कुजका वास, कुणीतरी गातंय, आणि माझ्या डोळ्यांसमोर पिवळ्या फुलांची रांग, एक, दोन, आठ, देठांवरून बोट सरकत सरकत आत जातं, आणि आत जिथं कापड नाही तिथं खाली बाबांचा शर्ट आहे, आणि शर्टाच्या खाली काहीतरी टणक, थंड, जे बाबा नाहीत. मग चापट. एवढंच. अठरा वर्षं हे माझ्या आत कुठे होतं? मी ज्याला माझं डोकं म्हणत होतो, ते सबंध वेळ तिथे बाकावर उभं राहून देठ गिरवत होतं. कारखान्यात छापून दुकानांत गेलेले चोवीसशे शर्ट. चोवीसशे माणसं आमच्या घरचं कफन घालून बर्फाचे गोळे खात होती. आणि मी त्यांतल्या एकाला छान आहे म्हणालो होतो.

"हे काय?" आंटी म्हणाली.

तिचा हात दुलईच्या मधोमध थांबला होता. तिथे भोक नव्हतं. पिवळ्या कापडाचं गोल ठिगळ होतं, नवं, जरासं हिरवट. टाके वाकडेतिकडे, कुठे लांब, कुठे एकावर एक. माझी आई इंचाला बारा टाके घालायची, डोळे मिटून. हे टाके फुगलेल्या, थरथरत्या हाताचे होते.

"हे कुणी बुजवलं? आउवे! कोणी केलं हे?" आंटी खाली बसली. "अरे, इथूनच तर माणूस जातं. जिवंत माणसाच्या दुलईची नक्षी असली तर मधे भरीव ठेवायची, घर शाबूत राहावं म्हणून. गेलेल्याची मोकळी. हे बुजवून तिला घातली तर ती जाईल कशी?"

मी खोका उघडला. वरचा शर्ट काढून दुलईवर ठेवला. काही बोलायचं राहिलंच नाही खरं म्हणजे, पण मी बोललो. सगळं. कागदाची घडी, ग्लेन, लेबल, आईचा अंगठा, वारा येतो, तो कापडाचा तुकडा, टॉवेल. बसथांब्यावरच्या माणसाचंही सांगितलं, आणि मला आनंद झाला तेही. आंटी एकदा शर्टाकडे आणि एकदा दुलईकडे बघत होती. इस्त्री करणाऱ्या बायका दारात येऊन उभ्या होत्या. त्यांतली एक तोंडावर हात ठेवून बाहेर गेली.

"मला का नाही सांगितलं तिनं?" मी म्हणालो. "एवढं सांगायचं फक्त. मी छपाईच्या जाळ्या फोडल्या असत्या."

"आणि मग?" आंटी म्हणाली. तिचा आवाज चिडका नव्हता, म्हणून जास्त लागला. "पुन्हा कात्री धरली असतीस? तिनं मला फोन केला होता त्या दिवशी. शर्टाचं एक अक्षर नाही बोलली. म्हणाली, मिली, माझ्या पोराला काहीतरी करता येतं गं."

मी त्या टाक्यांकडे बघत होतो. माझे शर्ट मोकळेच राहणार हे कळल्यावर तिनं दुसरीकडून सुरुवात केली होती. शर्ट आणि दुलई एक राहू नयेत म्हणून तिनं दुलई बदलली. स्वतःचा रस्ता शिवून टाकला, माझं नाव असलेल्या शर्टाच्या कापडानं. मी चार हात लांब जेवण गरम करत असताना. आणि तो तुकडाही मीच आणून दिला होता.

आंटीनं डबा पुढे केला. सुया, दोरे, छोटी कात्री. "उसव," ती म्हणाली.

"मी?"

"मग कोण? तुझ्यासाठी घातलेत ते."

मी खिडकीशी बसलो. उजेड होता अजून भरपूर. असे टाके उसवणं सोपं नसतं. नीट घातलेले टाके एक दोरा ओढला की सरसर निघतात. हे प्रत्येक वेगळे होते, प्रत्येकाला तिनं गाठ मारली होती, जणू माझ्याच हातात ही कात्री येणार हे तिला माहीत होतं आणि ते तिला नको होतं. एक टाका कापला की वाटायचं, तू जा. पुढचा कापला की वाटायचं, मी तुझं म्हणणं पुन्हा एकदा ऐकत नाहीये. एके ठिकाणी कापडावर तपकिरी ठिपका होता, सुई टोचल्याचा. तिथे मी थांबलो. मग पुढे गेलो. ठिगळ निघालं. खाली जमिनीची लाकडी फळी दिसली.

"आता हे शर्ट," आंटी म्हणाली. "हे नाही घालायचे. सगळे साधे काळे घाला."

"उद्या सकाळी बेचाळीस काळे कुठून आणतेस?" दारातून अंकल टायनी. त्यानं सगळं ऐकलं होतं, हातात वाटी तशीच. "मला तर तो शर्ट बघितल्याबरोबर ओळखीचा वाटला होता. पण मला सगळेच शर्ट ओळखीचे वाटतात."

"तू गप्प बस."

"उलटे घालू ना. मी रोज घालतो." आणि खरंच, त्याच्या अंगावर छपाई आतल्या बाजूला घेऊन शिवलेला फिका शर्ट होता, तसे आमच्याकडे निम्मे लोक घालतात, भडक नको म्हणून. "नक्षी आत. बाहेर नुसती सावली. नक्षीकडे पाठ केल्यासारखं पण नाही आणि दुलई पांघरल्यासारखं पण नाही."

आंटीनं त्याच्याकडे बघितलं. लहानपणापासून तो पहिल्यांदाच काहीतरी शहाणं बोलला असावा, असं. "घासानं भरलेल्या तोंडानं बोलू नकोस," ती म्हणाली, आणि खोक्यातला पहिला शर्ट उलटा करायला घेतला.

उलट्या शर्टाचं लेबल बाहेर येतं. हे माझ्या उशिरा लक्षात आलं. कात्री हातात होतीच, मी एक कापायलाही घेतलं. आंटीनं माझं मनगट धरलं. "राहू दे. ते तिनं वाचलं होतं."

आज सकाळी म्हणून चर्चमध्ये बेचाळीस माणसं उलट्या शर्टात बसली होती, शिवणी बाहेर, कडेचे दोरे लोंबत. गुंड्या आत गेल्या होत्या, त्यामुळे बायकांना पुरुषांच्या गुंड्या लावून द्याव्या लागल्या, आणि त्या वेळी थोडं हसूही झालं. मी शेवटच्या रांगेत उभा राहिलो. माझ्यासमोर मानांच्या रांगा, आणि प्रत्येक मानेवर माझं नाव. वाचायचं नाही म्हटलं तरी वाचावं लागत होतं. आईच्या मंडळातल्या बायका काळ्यात उभ्या, दोन्ही बाजूंनी, न हलता, आणि एक खुर्ची मोकळी. आईवर दुलई होती. आंटीनं मला पुढे बोलावलं. मधून तिच्या काळ्या होलोकूचा गोल तुकडा दिसत होता, त्याच्याखाली छाती, जी आता वरखाली होत नव्हती. बोट तिथपर्यंत गेलं. आत घातलं नाही मी. चापट आता कुणी मारणार नव्हतं तरीही.

मग दुलई उचलली, घडी केली, झाकण लावलं.

ते पिवळं ठिगळ मी सकाळी माझ्या शर्टाच्या खिशात ठेवलं होतं, शर्ट उलटा करायच्या आधी. ते हृदयावर राहील असं मला वाटलं होतं. पण शर्ट उलटा घातला की डावा खिसा उजवीकडे जातो. खिसे कापणाऱ्याला हे माहीत असायला हवं. सबंध प्रार्थनाभर ते तिथे होतं, चुकीच्या बाजूला, आतून, कातडीला लागून, आणि त्यातली एक गाठ, जी मी कापायची विसरलो होतो, श्वास घेतला की टोचत होती.